रकाना क्रमांक नऊ : सोलापुरातील एका हक्कसोडपत्राचा प्रकरण अभ्यास

आमच्या विधी साहाय्य केंद्रात येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे एक नोंदपत्रक भरले जाते. त्यातला नववा रकाना असा आहे : ‘मिळकत मूळ कोणाची, आणि त्या व्यक्तीला ती कशी मिळाली?’ 2022 च्या पावसाळ्यातल्या एका शनिवारी भरलेल्या पत्रकात हा रकाना कोरा राहिला आणि त्या कोऱ्या जागेपायी एका विडी कामगार बाईंचा वडिलांच्या घरातला तिसरा हिस्सा हातचा जाण्याची वेळ आली. मी वकिली करते आणि आठवड्यातून दोन दिवस पॅरालीगलच्या, म्हणजे सनद नसताना कायद्याच्या कामात साहाय्य करणाऱ्यांच्या, प्राथमिक वर्गाला शिकवते. त्या दिवशी झालेली चूक जिच्या तोंडून बाहेर पडली ती माझी विद्यार्थिनी होती, पण त्या चुकीचे मूळ माझ्या शिकवण्यात होते. म्हणून हे प्रकरण मी दरवर्षी नव्या तुकडीसमोर पहिल्याच आठवड्यात ठेवते. संबंधितांची नावे येथे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रकरणाची हकिकत

बाई सोलापूरच्या पूर्व भागातल्या, वय बावन्न, घरची भाषा तेलुगू. वडील यंत्रमागावर काम करीत. त्यांनी 1974 मध्ये एक लहानसा प्लॉट घेऊन त्यावर दोन खोल्या बांधल्या होत्या. 1998 मध्ये ते मृत्युपत्र न करता वारले आणि आई 2011 मध्ये गेली. मागे दोन भाऊ आणि ही एक बहीण उरली. बहिणीचे लग्न 1989 मध्ये झालेले. भाऊ त्याच घरात राहत होते आणि मागच्या बाजूला टॉवेलचे चार माग टाकण्यासाठी त्यांना बँकेचे कर्ज हवे होते. बँकेच्या वकिलाने कागदपत्रे पाहून बहिणीचे हक्कसोडपत्र आणण्यास सांगितले. भावांनी एका दस्तलेखकाकडून मसुदा करून घेतला आणि येत्या शुक्रवारी दुय्यम निबंधक कार्यालयात सहीला ये, असा निरोप बहिणीला धाडला.

बाई तो मसुदा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून केंद्रात आल्या. त्यांना मराठी बोलता येते, पण वाचता येत नाही. त्या दिवशी टेबलावर बसलेली विद्यार्थिनी पद्मशाली या तेलुगूभाषक विणकर समाजातली, तिची आईही विड्या वळणारी. तिने मसुदा वाचून तेलुगूत समजावून सांगितला. मग बाईंनी विचारले, ‘माझा वाटा आहे का गं?’ आणि विद्यार्थिनीने वर्गात लिहून घेतलेल्या टिपणांच्या आधारे उत्तर दिले : तुमचे लग्न 1994 च्या आधी झाले, वडील 2005 च्या आधी वारले, म्हणून कायद्याने तुमचा हक्क येत नाही.

यावर बाईंनी जो प्रश्न केला, त्यापेक्षा नेमका प्रश्न मी अनुभवी वकिलांच्या तोंडूनही क्वचित ऐकला आहे. त्या म्हणाल्या, ‘हक्क नाही म्हणतेस, मग माझी सही कशाला मागतात?’

विद्यार्थिनीने ‘बँकेची पद्धत असेल, अक्का’ असे सांगून वेळ निभावून नेली. परंतु बाई गेल्यावर तिला चैन पडेना आणि तिने पत्रकाच्या तळाशी, शेऱ्याच्या जागी, बाईंचा तो प्रश्न जसाच्या तसा लिहून ठेवला. आमच्याकडे दिवसभराची सगळी पत्रके संध्याकाळी वकिलाने वाचायची, असा नियम आहे. त्यामुळे तो शेरा माझ्या वाचनात आला, आणि नंतर वर नजर गेली तेव्हा नववा रकाना कोरा दिसला.

उत्तर कुठे चुकले

विद्यार्थिनीने सांगितलेली दोन्ही वर्षे खरी होती, मात्र या मिळकतीशी त्यांचा संबंध नव्हता. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलीला एकत्र हिंदू कुटुंबाच्या मिळकतीत मुलाप्रमाणे सहदायक, म्हणजे जन्मानेच वाटेकरी, मानले, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. पुढे केंद्राच्या दुरुस्तीने 9 सप्टेंबर 2005 पासून विवाहित-अविवाहित असा भेद न ठेवता सर्वच मुलींना जन्मतः सहदायक केले. वडील त्या तारखेला हयात असले पाहिजेत, अशी अट सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या प्रकाश विरुद्ध फुलवती या निकालातून रूढ झाली होती आणि विद्यार्थिनीच्या टिपणात हीच अट होती. परंतु विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात 11 ऑगस्ट 2020 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती अट काढून टाकली. म्हणजे ही मिळकत वडिलोपार्जित असती तरीही ते टिपण दोन वर्षांपूर्वीच शिळे झालेले होते.

मात्र हा सगळा खल वडिलोपार्जित, सहदायकीच्या मिळकतीपुरता आहे. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली मिळकत असेल, तर प्रश्न हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या कलम 8 वर येतो. मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाची अशी मिळकत आधी वर्ग एकच्या वारसांना जाते आणि त्या वर्गात मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई एकाच पायरीवर आहेत. मुलीचे लग्न कधी झाले हे तेथे विचारलेलेच नाही. हा हक्क ना 1994 चा आहे, ना 2005 चा. तो 1956 पासूनचा आहे. आमच्या भागात आजही शेकडो घरांत ‘मुलींना 2005 पासून हक्क मिळाला’ असे समजले जाते आणि शिकलेसवरलेले लोकही तसे बोलतात. त्या समजामुळे 2005 पूर्वी वडील गेलेल्या किती बहिणींनी मुकाट्याने सह्या केल्या असतील, या विचाराने मला फार वाईट वाटते.

हिश्शांचा हिशेब एकदा मांडून दाखवावा लागतो, कारण विद्यार्थी नेमके येथे गोंधळतात. 1998 मध्ये वडील गेले तेव्हा आई, दोन मुलगे आणि एक मुलगी असे चार वारस होते, म्हणजे प्रत्येकी एक चतुर्थांश. 2011 मध्ये आई मृत्युपत्राशिवाय गेली तेव्हा तिचा चतुर्थांश कलम 15 प्रमाणे तिन्ही अपत्यांत समान विभागला गेला, म्हणजे प्रत्येकी एक बारांश. एक चतुर्थांश अधिक एक बारांश म्हणजे एक तृतीयांश. आईच्या हिश्शाचा विचार न करता ‘तीन भावंडे म्हणून एक तृतीयांश’ असे म्हटले तरी उत्तर तेच येते. परंतु आईने एखाद्याच्या नावे मृत्युपत्र केलेले असते, तर ते उत्तर चुकले असते. म्हणून वारसांची नोंद करताना प्रत्येक मृत्यू वेगळा, त्याच्या तारखेसह आणि त्या दिवशी हयात असलेल्या वारसांसह लिहावा, हे मी आता फळ्यावर आकृती काढून शिकवते.

‘बहिणीला राहत्या घरात वाटा मागता येत नाही’, असे थोरल्या भावाने बाईंना सांगितले होते. हे विधानही पोकळ नव्हते. मूळ अधिनियमाच्या कलम 23 प्रमाणे कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी, पुरुष वारस वाटणी करून घेईपर्यंत, स्त्री वारसाला मागता येत नसे. ते कलम 2005 च्या दुरुस्तीने वगळण्यात आले. वकिलाकडे न जाता लोकांच्या बोलण्यातून फिरणारा कायदा बहुतेक वेळा असा असतो : एके काळी खरा असलेला, अर्धा आठवणीत राहिलेला आणि भलत्या मिळकतीला लावलेला.

माहिती आणि सल्ला

भारतात ‘पॅरालीगल’ या नावाने वकिलीची वेगळी सनद नाही. अमेरिकेत वकिलांच्या कार्यालयात पगारावर काम करणारे पॅरालीगल असतात आणि त्यांच्या कामाची जबाबदारी देखरेख करणाऱ्या वकिलावर राहते. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ मुख्यतः विधी सेवेशी जोडला गेला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 हा 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाला, आणि 2009 मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने विधी स्वयंसेवकांची (पॅरालीगल व्हॉलंटियर) योजना आणली. शिक्षक, अंगणवाडी सेविका, विधी शाखेचे विद्यार्थी अशा लोकांना प्राथमिक प्रशिक्षण देऊन सामान्य माणूस आणि विधी सेवा यांच्यातला दुवा करायचे, असा तिचा हेतू आहे. याखेरीज वकिलांचे कारकून, दस्तलेखक, बँका आणि कंपन्यांच्या विधी विभागांत कागद सांभाळणारी मुले-मुली हीही प्रत्यक्षात हेच काम करतात, भले त्यांना कोणी पॅरालीगल म्हणत नसो.

या सर्वांसाठी मर्यादा एकच आहे. अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 29 आणि 33 प्रमाणे वकिली व्यवसाय करण्याचा हक्क फक्त नोंदणीकृत अधिवक्त्यांना आहे, आणि तसा हक्क नसताना न्यायालयात वकिली करणाऱ्याला कलम 45 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. वकिली म्हणजे केवळ न्यायालयात उभे राहणे नव्हे, तर न्यायालयाबाहेरचे कायद्याचे कामही त्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ए. के. बालाजी प्रकरणात स्पष्ट केले. ‘हक्कसोडपत्र म्हणजे काय, त्याची नोंदणी सक्तीची असते का, स्त्रियांना मोफत विधी सेवा मिळते का’ हे सांगणे म्हणजे माहिती देणे. ‘तुमचा हक्क आहे किंवा नाही, तुम्ही सही करा किंवा करू नका’ हे सांगणे म्हणजे सल्ला देणे.

ही रेषा कागदावर सरळ दिसते. टेबलाच्या पलीकडे आपल्या आईच्या वयाची, आपल्याच भाषेत बोलणारी बाई बसलेली असते आणि ती ‘माझा वाटा आहे का गं?’ असे विचारते, तेव्हा ‘हे मी सांगू शकत नाही, वकीलबाई सांगतील’ असे उत्तर देणे फार जड जाते. विद्यार्थिनीला बाईंना रिकाम्या हाताने पाठवायचे नव्हते. तिच्या चुकीच्या मुळाशी माया होती, आणि म्हणूनच ती चूक पुन्हा कोणाकडूनही होऊ शकते.

माझी चूक अधिक मोठी होती. वारसा हक्काच्या तासाला मी 1994 आणि 2005 या दुरुस्त्यांवर सविस्तर बोलले, कारण तो विषय वर्तमानपत्रांत गाजलेला होता. कलम 8 मात्र पाच मिनिटांत उरकले. स्वकष्टार्जित आणि वडिलोपार्जित हा भेद मी तासाच्या शेवटी सांगितला, जो पहिल्या वाक्यातच यायला हवा होता. टिपणांत जे ठळक उतरले तेच तिने बाईंना सांगितले.

दुरुस्ती

शनिवारी रात्रीच मी विद्यार्थिनीला फोन केला आणि रविवारी सकाळी आम्ही दोघी बाईंच्या घरी गेलो. बाई दारात बसून सुपात कापलेली तेंदूची पाने आणि तंबाखू घेऊन विड्या वळत होत्या. आमच्याशी बोलताना त्यांचे हात थांबले नाहीत. पान, चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा, असे चालूच राहिले. विद्यार्थिनीने तेलुगूत स्पष्ट सांगितले की काल मी तुम्हाला जे उत्तर दिले ते देण्याचा मला अधिकार नव्हता आणि ते उत्तर चुकीचे असण्याची शक्यता आहे. हे वाक्य तिने स्वतः म्हणावे, असा माझा आग्रह होता. तेव्हा कुठे बाईंचे हात थांबले.

त्यानंतर नववा रकाना भरायला घेतला. घर वडिलांनीच घेतले, आजोबा तर तेलंगणातून हात हलवत आले होते, असे बाई म्हणाल्या. पण ऐकीव माहितीवर रकाना भरत नाहीत. मूळ खरेदीखत भावांकडे होते. नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 57 प्रमाणे स्थावर मिळकतीच्या नोंदवलेल्या दस्ताची सूची शुल्क भरून कोणालाही पाहता येते आणि दस्ताची नक्कल मागता येते, हे विद्यार्थिनीला ठाऊक होते, आणि असे काम करणे हेच पॅरालीगलचे खरे क्षेत्र आहे. सोमवारी तिने शोधासाठी अर्ज केला, हस्तलिखित सूची क्रमांक दोन तपासली, आणि त्यात 1974 च्या पानावर वडिलांचे नाव ‘लिहून घेणार’ म्हणून सापडले. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढले. त्यावर वडिलांच्या मृत्यूनंतर फक्त दोन भावांची नावे चढली होती. अशी नोंद झाल्याने कोणाचा हक्क निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलेले आहे. पण ज्याचे नाव पत्रकावर आहे तोच मालक, असे लोक धरून चालतात.

मसुदा आम्ही पुन्हा वाचला, या वेळी ओळीओळीने. त्यात ‘कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने’ असे लिहिले होते, आणि भावांनी बाईंना पन्नास हजार रुपये देण्याचे तोंडी कबूल केले होते. असा फरक पाहून सहीचा हात थांबलाच पाहिजे. भावंडांमधले विनामोबदला हक्कसोडपत्र असेल तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागते. मोबदला असेल तर हिश्शाच्या बाजारमूल्यावर लागते. शुल्क वाचावे म्हणून खोटे विधान लिहिले जाते, आणि उद्या पैसे मिळाले नाहीत तर बाईंना दाद मागायला कागदाचा आधारच उरत नाही. शेवटच्या परिच्छेदात ‘सदर दस्त मला माझ्या भाषेत वाचून दाखविला, तो मला समजला व मान्य आहे’ हे वाक्य आधीच टंकलेले होते. तो दस्त तोवर त्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे आमची विद्यार्थिनी.

येथून पुढे सल्ल्याचे काम होते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. विद्यार्थिनीने अर्ज भरला, कागद तारखेप्रमाणे लावले, एका पानावर घटनाक्रम लिहिला आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने नेमून दिलेल्या वकिलांनी बाईंसमोर पर्याय ठेवले. सही न करणे, तीन नावांची वारस नोंद मागणे, वाटणीचा दावा लावणे, किंवा योग्य मोबदला घेऊन हक्क सोडणे. एकदा सही झाली की ती रद्द करून घेण्यासाठी दावा करावा लागतो, त्याची मुदत वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षांची असते आणि ‘मला कळले नव्हते’ हे शाबीत करण्याचा भार बाईंवर येतो, हेही त्यांना सांगण्यात आले.

बाईंचा निर्णय

वर्गात येथवर हकिकत आली की बहुतेक विद्यार्थ्यांना वाटते, बाईंनी दावा लावावा. बाईंना दावा नको होता. माहेर तुटेल, भाऊबीज बंद पडेल, याची त्यांना भीती होती, आणि धाकटा भाऊ त्यांनीच लहानाचा मोठा केलेला. अशा वेळी प्रशिक्षणार्थींच्या चेहऱ्यावर निराशा दिसते, आणि तेथे त्यांना थांबवावे लागते. हक्क सांगणे आपले काम आहे. तो कसा वापरायचा हे ज्याचा हक्क त्याने ठरवायचे. बाईंना माघार घ्यायची नव्हती आणि भांडायचेही नव्हते. त्यांचे म्हणणे एवढेच होते की मला विचारून घ्या आणि जे देणार ते कागदावर लिहा.

दाखलपूर्व प्रकरण म्हणून, म्हणजे दावा न लावता आधी तडजोडीसाठी, प्राधिकरणामार्फत भावांना नोटीस गेली. पहिल्या बैठकीला थोरला भाऊ रागाने आला. दुसऱ्या बैठकीत बँकेच्या वकिलाचे पत्र समोर ठेवले गेले, ज्यात बहिणीची सही का हवी याचे कारण स्वच्छ लिहिलेले होते. बाईंनी पहिल्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या पत्रात होते, आणि ते पत्र भावांकडेच होते. तिसऱ्या बैठकीत तडजोड झाली : ठरलेली रक्कम, त्यातला निम्मा भाग धनादेशाने आधी आणि उरलेला दस्ताच्या दिवशी, मुद्रांक व नोंदणी शुल्क भावांनी भरायचे. ही रक्कम बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी नव्हती. बाईंना ती किती कमी आहे हे वकिलांनी आकड्यांत सांगितले आणि त्यांनी ती जाणूनबुजून स्वीकारली.

दस्ताच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात नेहमीसारखी गर्दी होती. नव्या मसुद्यात मोबदल्याची रक्कम, धनादेशांचे क्रमांक आणि बाईंचा हिस्सा ‘एक तृतीयांश’ असा शब्दांत व अंकांत लिहिला होता. फोटो आणि अंगठ्याच्या ठशासाठी बाईंचे नाव पुकारले गेले, तेव्हा त्या उठल्या नाहीत. त्यांनी विद्यार्थिनीला शेजारी बसवले आणि पुन्हा पहिल्यापासून वाच म्हणाल्या. विद्यार्थिनी एकेक परिच्छेद आधी मराठीत आणि मग तेलुगूत सांगत गेली. ‘वाटा’ हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच आहे, त्यामुळे तो आला की बाई मान हलवत. ‘सोडून देत आहे’ येथे विद्यार्थिनी थांबली, तिने ‘वदिलेयडम्’ असे दोनदा म्हटले आणि बाईंच्या तोंडाकडे पाहिले. मागे रांगेत कोणी तरी कुरकुरले. धाकटा भाऊ त्याच्याकडे वळून म्हणाला, ‘जरा थांबा, आमची अक्का ऐकतेय.’ शेवटचा परिच्छेद वाचून झाल्यावर बाईंनी चष्मा पिशवीत ठेवला आणि खिडकीपाशी गेल्या.